न फळलेल्या नवसाचा मलिदा

शुला गेली हे मला मांडव्याच्या धक्क्यावर कळलं. बोट अजून लागायची होती. माझ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सब्जाची जुडी होती. शुलाला वास द्यायला घेतली होती. हॉस्पिटलातल्या फिनेलच्या वासाने ती वैतागायची.

फोन शेजारच्या सुलक्षणा वहिनींचा होता. मी गेल्यापासून त्याच शुलाजवळ बसल्या होत्या.

“भावोजी, कुठे आहात?”

“धक्क्यावर. बोट येतेय.”

“आधी कुठेतरी बसा.”

“उभा आहे तो बरा आहे. बोला.”

त्या बोलल्या. मी ऐकलं. मग बोट लागली, माणसं चढायला लागली, तसा मीही चढलो. मुलुंडला पोचायचं तर दुसरं काय करणार? गेटवेला उतरलो तेव्हा सब्जाची जुडी हातातच होती.

बायको मरणाला टेकलेली असताना हा माणूस अलिबागकडे कशाला गेला, असं नातेवाइकांनी नंतर बरंच विचारलं. म्हणून तेच आधी सांगतो.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले यहुदी. घरात मराठी बोलतो, प्रार्थना हिब्रूत करतो. अलिबागजवळ खंडाळा नावाचं छोटं गाव आहे, घाटातला खंडाळा तो वेगळा. तिथे एका कातळावर रथाच्या चाकांसारख्या खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, अग्नीच्या रथातून स्वर्गात गेला तेव्हा त्याचा रथ तिथे टेकला, असं आमची माणसं मानतात. कुणाचं अडलं की आम्ही तिथे जाऊन नवस बोलतो. नवस फळला की घरी मलिदा करतो. मलिदा म्हटलं की बाकीच्या मराठी माणसांना पुढाऱ्यांनी खाल्लेला आठवतो. आमचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात खोबरं, साखर, वेलची, बेदाणे. ताटात त्याचा डोंगर करायचा, भोवती फळं मांडायची, वर सब्जाची डहाळी. मग एलियाहूचं नाव घेऊन गायचं, एकेका फळाची बेराखा म्हणायची, म्हणजे त्या फळासाठी देवाचे आभार मानायचे, आणि सगळ्यांनी खायचं.

डॉक्टरांनी हात टेकले होते. आता फक्त दुखू नये एवढंच बघू, असं ते म्हणाले. मी शुलाच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलो होतो.

शुला म्हणाली, “इथे बसून माझं तोंड काय बघतोस? खंडाळ्याला जाऊन ये.”

“तुला सोडून?”

“मी कुठे पळून जातेय? सुलक्षणा बसेल.”

“काय मागू?”

“तुला काय हवं ते माग. आणि मलिदा कर.”

“तू बरी झालीस की लगेच करतो.”

ती हसली. तिला हसताना खोकला यायचा, तो आला. मग म्हणाली, “बरी झाले तर कर, नाही झाले तरी कर. अट घालून कोणी कुणाला जेवायला बोलावतं का रे?”

मी गेलो. कातळावर हात ठेवला. दुपारचं ऊन होतं, दगड चटके देत होता. मी म्हटलं, शुला बरी होऊन घरी येऊ दे. मी मलिदा करीन. आणि पुढच्या वेळी तिला घेऊन इथे येईन. एवढंच. मला मोठं बोलता येत नाही. सगळा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथ चालवण्यात गेला. मशीनच्या आवाजात माणूस जेवढं लागेल तेवढंच बोलतो.

ती तेव्हाच गेली की मी परतीच्या रिक्षात असताना, हे मी वहिनींना विचारलं नाही. विचारणारही नाही.

तिला आम्ही पुरलं. सात दिवस मी घरात जमिनीवर बसलो. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी जियारत करतात. त्यातही ताट मांडतात, प्रार्थना म्हणतात, जमलेली माणसं जेवतात. पण ती दुःखातली. मलिदा आनंदाचा. लग्न ठरलं, मूल झालं, दुखणं बरं झालं, की मलिदा. घरात मयत झालेली असताना मलिदा कोणी करत नाही.

सातव्या दिवसाची जियारत झाली, बायका ताटं उचलत होत्या, तेव्हा मी म्हटलं, “महिना झाला की माझ्याकडे मलिदा आहे. सगळ्यांनी यायचं.”

हातातली ताटं हातातच राहिली.

बेन्जी हळूच म्हणाला, “एझ्रा, जियारत म्हणायचंय तुला. महिन्याची जियारत.”

“नाही. मलिदा.”

बेन्जी आमचा हझान. सिनेगॉगमध्ये प्रार्थना तो चालवतो. पण त्याआधी तो माझा मित्र. आम्ही एकाच शाळेत होतो, एकाच बाकावर. त्याने मला दंडाला धरून गॅलरीत नेलं.

“नवस कशाचा बोलला होतास?”

“शुला बरी व्हावी म्हणून.”

“झाली?”

“नाही.”

“मग सुटलास तू. नवस फळला नाही, विषय संपला. कोणी तुला विचारणार नाही.”

“मला सुटायचं नाही.”

“अरे, पण आभार कशाचे मानणार? जे मिळालंच नाही त्याचे? ती बेराखा वाया जाते. देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही, हे या वयात मी तुला शिकवू?”

“मिळालं नाही हे तुला कुणी सांगितलं? अजून द्यायचं असेल.”

“काय द्यायचं असेल? मेलेली बाई?”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मी म्हटलं, “हो. मेलेली बाईच. तू रोज तीन वेळा उभा राहून म्हणतोस ना, तो मेलेल्यांना उठवतो म्हणून? देवाचं नाव घेऊन म्हणतोस. उठलेला एक तरी बघितलायस? मग ती बेराखा वाया जात नाही?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“ते पुस्तकात छापलेलं आहे, एझ्रा.”

मला त्या दिवसांतलं पहिलं हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. खाली भाजीवाल्याशी कोणीतरी हुज्जत घालत होतं. जरा वेळाने तो समजुतीने म्हणाला, “ऐक माझं. एक वर्ष थांब. सुतक संपू दे. रिव्काला मूलबाळ होईल, त्याचा मलिदा कर. मी स्वतः येऊन गाईन. शुलालाही बरं वाटेल.”

रिव्का आमची मुलगी. लग्न झाल्यावर ती इस्राएलला गेली. अश्दोदला असते.

मी म्हटलं, “ते कोरडं लाकूड झालं, बेन्जी.”

त्याला कळलं. आमच्यातल्या सगळ्यांनाच कळलं असतं. शुला रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायची, त्यात एलियाहूची ही गोष्ट दरवर्षी सांगायची. कर्मेल डोंगरावर एका बाजूला बआल नावाच्या परक्या देवाचे शेकड्यांनी पुजारी, राजाराणी त्यांच्या पाठीशी. दुसऱ्या बाजूला एलियाहू एकटा. ज्याचा देव वेदीवर आग पाठवेल तो खरा, असं ठरलेलं. पुजारी दिवसभर नाचले, ओरडले, काही पेटलं नाही. मग एलियाहूची पाळी आली, आणि हा माणूस काय करतो? आधी आपल्याच लाकडांवर घागरी भरभरून पाणी ओतायला लावतो. एकदा नाही, तीनदा. तरी आग येते आणि ओली लाकडं पेटतात. शुला मुलांना विचारायची, त्याने पाणी का ओतलं? मुलं काहीही सांगायची. आग लागली तर विझवायला. उकडत होतं म्हणून. एकदा एक मुलगी म्हणाली, “त्याला भीती वाटत नव्हती म्हणून.” शुला घरी येऊन म्हणाली, “भीती वाटतच असणार रे. पुढे तो झुडपाखाली जाऊन पडला, मला मरण दे म्हणाला. पण पाणी ओतताना हात थांबवला नाही.”

बेन्जी म्हणाला, “तू एलियाहू आहेस का?”

“नाही. म्हणून तर फक्त पोहे करतोय.”

“मी येणार नाही.”

“तुझी मर्जी.”

रिव्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, लोक म्हणतील मम्मी गेल्यावर यांचं डोकं फिरलं.”

“म्हणतायत.”

“तुम्ही इकडे या ना. तिथे आता आपलं कोण उरलंय?”

“तुझी आई आहे.”

ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसलो. थोड्या वेळाने म्हटलं, “त्या दिवशी व्हिडिओ चालू ठेव. गाणं तुला येतं, मला साथ लागेल.”

“मी आभाराचं गाणं गाणार नाही, पप्पा. माझी आई गेलीय.”

“नको गाऊस. नुसती बस.”

मग मी बोलवायला सुरुवात केली. रीतसर प्रार्थनेला आमचे दहा पुरुष लागतात. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या एका गल्लीतून तेवढे निघायचे. आता अर्धे इस्राएलला, काही ठाण्याला, बाकीचे शुलाच्या शेजारी. मी एकेकाला फोन लावला. एकजण म्हणाला, गुडघे दुखतात. एकाने विचारलं, हझान येणार आहेत का? नाही म्हटल्यावर त्यालाही काम निघालं. माझा मावसभाऊ सॅमी म्हणाला, “बरोबर की चूक ते मला कळत नाही. मलिद्यानंतर जेवायला काय आहे?”

“मटण आणि नारळीभात.”

“मग येतो. देवाशी भांडण तुझं आहे, मटणाशी माझं काही नाही.”

“भांडण नाही रे.”

“मग काय आहे?”

भांडण नव्हतं. पण माघारही नव्हती. इतकी वर्षं ज्याला विश्वासू म्हटलं, त्याला एका फोनवरून खोटा ठरवायला मी तयार नव्हतो. तो दिसत नव्हता, बोलत नव्हता, माझी बायको मातीत होती. सगळा पुरावा त्याच्याविरुद्ध होता. तरी माझी साक्ष त्याच्या बाजूने होती. हे सॅमीला फोनवर कसं सांगणार? त्याला म्हटलं, “लवकर ये, खुर्च्या लावायच्या आहेत.”

मलिदा नेहमी शुला कालवायची. पोहे किती भिजवायचे ते तिच्या हाताला ठाऊक. मी कधी बघितलं नव्हतं. रविवारी सकाळी मी पातेल्यात पोहे घेतले आणि वरून पाणी ओतलं. सुलक्षणा वहिनी खोबरं खवत होत्या. नारळ त्यांच्या नवऱ्याने, जयवंतने, मालवणच्या घरून आलेल्यांतले दिले होते. पैसे विचारले तर त्याने मलाच झापलं होतं. “गप ऱ्हवा. वैनीच्या हातचो हलवो काय कमी खाल्लंय मी?”

खंडाळ्याची सब्जाची जुडी केव्हाच काळी पडली होती. ती टाकून दिली होती. बाजारातून दुसरी आणली.

दुपार कलल्यावर माणसं आली. दहा पुरुष झाले नाहीत. आमचे बघायला गेलं तर सॅमी, त्याचा मुलगा, दोघं म्हातारे आणि मी. तीन बायका. शिवाय जयवंत आणि वहिनी, पण ते आमच्या मोजणीत येत नाहीत. रिव्का फोनमध्ये होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मी टोपी घातली, दिवा लावला, पुस्तक उघडलं. जियारतीच्या दिवशी याच खोलीत उभं राहायला जागा नव्हती.

मी सुरू करणार तेवढ्यात उघड्या दारात बेन्जी दिसला. पायात चपला तशाच.

“आत ये,” मी म्हटलं.

“नाही. मी नुसता बघायला आलोय.”

“मग बघ.”

मी एलियाहूचं गाणं सुरू केलं. माझा आवाज लेथसारखा आहे. पहिल्या कडव्याला सॅमी एकटाच साथीला होता, तोही मटणाच्या वासाकडे लक्ष ठेवून. दुसऱ्याला म्हातारेही गायला लागले. बायका नुसत्याच बसल्या होत्या. सॅमीची बायको पदराने डोळे पुसत होती, पण तोंड उघडत नव्हती. माझ्या मनात आलं, झालं, वाट लागली. लोक आनंदाचं गाणं रडत ऐकतायत. इथेच थांबावं, हवं तर याला जियारत म्हणावं, सगळे सुटतील. बेन्जी दारात उभाच होता. मी थांबलो नाही. सगळी कडवी म्हटली.

मग फळं. ताटात जवळ होतं म्हणून मी केळं उचललं आणि झाडाच्या फळाची बेराखा सुरू केली. देवाचं नाव ओठावर येणार तोच दारातून बेन्जी केवढ्याने तरी ओरडला, “थांब!”

सगळे दचकले. फोनमधली रिव्कासुद्धा.

“केळं झाडाचं नाही! ते जमिनीच्या फळांत. त्याची बेराखा वेगळी. आणि आधी खजूर घ्यायचा असतो, केळं कसलं उचलतोस?”

जयवंतला राहवेना. “काय सांगतास काय! केळां झाडाचां नाय तर खयचां?”

बेन्जी तिथूनच म्हणाला, “केळीला लाकूड नसतं. एकदा घड दिला की ती मरते. मग जमिनीतून दुसरी वर येते. म्हणून आमच्यात तिला झाड धरत नाहीत.”

जयवंतने मान हलवली. “ह्यां मात्र खरां. परसात बगलंय. तोडून टाकली तरी येता ती.”

मी हातातल्या केळ्याकडे बघत होतो. बेन्जीही बघत होता.

मी म्हटलं, “तुझ्या मते आज सगळंच वाया ना? मग एका केळ्याचं काय एवढं घेऊन बसलास?”

“फळं खरी आहेत,” तो म्हणाला. “समोर दिसतायत. फळांचे आभार खरे. ते तरी नीट मान.”

“मग तू म्हण.”

त्याने चपला काढल्या. आत आला, माझ्या शेजारी बसला, आणि माझ्या हातातलं केळं काढून ताटात ठेवलं. खजुरापासून सुरुवात केली. त्याचा आवाज लागला की खोली बदलते, ते त्याच्या वैऱ्यानेही कबूल करावं. बायका आमेन म्हणायला लागल्या. खजूर झाला, सफरचंद झालं, मग केळं, त्याच्या योग्य त्या बेराखेसकट. शेवटी सब्जाची डहाळी हातोहात फिरली. प्रत्येकाने वास घेतला. माझ्याकडे आली तेव्हा मी ती नाकापाशी जरा जास्त वेळ धरली. फोनमधून रिव्का म्हणाली, “पप्पा, माझ्याकडे धरा.” मी डहाळी फोनजवळ नेली. तिने तिकडे डोळे मिटून श्वास घेतला.

बेन्जी हळूच म्हणाला, “फळांचं झालं. पुढचं मी म्हणणार नाही.”

“पुढचं माझंच आहे.”

मी उभा राहिलो. हे कुठल्या पुस्तकात नाही. मराठीत बोललो, कारण भांड्याकुंड्यांपासून नवसापर्यंत शुलाशी सगळं मराठीतच बोललो होतो.

“मी नवस बोललो होतो. शुला बरी झाली नाही. तरी मी मलिदा केलाय. तू शब्द मोडत नाहीस, असं माझ्या बापाने मला सांगितलं, त्याच्या बापाने त्याला. मीही तेच म्हणतो. आज म्हणतो, ही गेलेली असताना म्हणतो. माझ्या बाजूचं झालं. तुझ्या बाजूचं व्हायची मी वाट बघतो. मी इथेच आहे.”

बसलो. आमेन कोणी म्हणेना. मग साखरेच्या डब्याजवळून रिव्काचा आवाज आला, नेटवर्कमुळे अडखळत, “आमेन.” त्यापाठोपाठ सॅमी म्हणाला, मग बायका. सुलक्षणा वहिनींनी हात जोडले. बेन्जी म्हणाला नाही. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याला जे पटत नाही ते त्याने म्हणू नये.

मग मलिदा वाटला. बेन्जीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“पोह्यांचा पार गिचका झालाय रे.”

“शुला नव्हती ना सांगायला.”

“पाणी जास्त ओतलंस.”

असं म्हणून तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचं राहिलं नाही. सॅमीला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, “मटण वाढू का आता?”

बेन्जीने ताट पुसून खाल्लं. जाताना दारात चपला घालताना म्हणाला, “माझं म्हणणं बदललेलं नाही हं.”

“माझंही नाही.”

“डब्यात थोडा बांधून दे. बायकोला.”

मी दिला.

मलिदा झाला. खंडाळ्याच्या कातळावर मी दोन गोष्टी कबूल केल्या होत्या, त्यातली ही एक. शुलाला घेऊन तिथे जायचं राहिलं आहे.